बसायचं माप

माणूस सकाळी असतो तेवढा संध्याकाळी राहत नाही, चांगला अर्धा इंच आखूड होतो, असं मास्तर छातीठोकपणे सांगायचे. त्यामुळे कुणाचंही माप एकदाच घेऊन मोकळं होणं त्यांना पटायचं नाही. पँटीचं एक वेळ चालेल, ती माणसाबरोबर हिंडते. टेबल मात्र एका जागी उभं असतं, त्याला माणसाचा सगळा दिवस माहीत पाहिजे. माझ्या लॅपटॉपसाठी टेबल करायचं ठरलं तेव्हा त्यांनी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी सलग नऊ दिवस माझी मापं घेतली.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. किन्हवलीत आमच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे, त्यांचं घर आणि घराच्या ओट्यावरच दुकान. शाळेतल्या मास्तरांना लोक ‘सर’ म्हणायला लागले, तेव्हापासून मास्तर हा शब्द त्यांच्या एकट्याच्याच वाट्याला राहिला होता. अंगानं काटकुळे, गळ्यात कायम टेप. जेवतानासुद्धा तो काढत नसत. नावानं ते कुणालाच हाक मारत नसत. “नावं काय, एका गावात धा-धा जणांची सारखी असतात. गळा ज्याचा त्याचा वेगळा,” असं त्यांचं म्हणणं. सरपंच ‘सतरा’, पोस्टमन ‘चौदा’, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते ‘साडेपंधरा’.

ते मला नीट कळायला लागले तोवर दुकान बंद झालं होतं. का बंद केलं म्हणून विचारलं की ते तयार कपड्यांवर घसरायचे. “पयले माणसं मापानं वळखली जायची. आता काय, एस, एम, एल! आणि ती एक्सेल! हे काय माप हाय? ही शिवी हाय.” एकदा मी सांगितलं की माझं निम्मं काम एक्सेलवरच चालतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते आठवलं की अजून हसू येतं. नको त्या नादाला लागलेल्या पोरीकडे बघावं तसं.

माझं काम असं, की ज्यांचे फ्रिज बंद पडले आहेत त्यांना धीर द्यायचा. ठाण्यातल्या एका कंपनीत मी चॅटवर असते. लोक रागानं लिहितात, मी गोडीनं उत्तर लिहिते. पूर्वी रोज पहाटे निघून ठाण्याला जायचे. मग भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. कळायचं सगळं, पण शब्द ओठाशी येऊन अडायचा. आईला एकटीनं त्यांना उठवणं-बसवणं जमेना, म्हणून मी कंपनीकडून काही महिने घरून काम करायची परवानगी मागून घेतली आणि लॅपटॉप घेऊन घरातच बसले.

बसले म्हणजे अक्षरशः खाटेवर मांडी घालून, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. तीन आठवड्यांत मान अशी धरली की हाक ऐकू आली तर सगळं अंग वळवून बघायचे. ऑनलाइन एक खुर्ची पाहिली, तिची किंमत बघून ती खिडकी मुकाट्यानं बंद केली.

आणि एके सकाळी मास्तर आमच्या दारात उभे राहिले.

हे किती विचित्र होतं ते कळायला मागचं थोडं सांगायला हवं. मास्तर आणि भाऊ लहानपणापासूनचे जिगरी, पण बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण होतं एक सफारी. भाऊंनी पुतण्याच्या लग्नासाठी हौसेनं कापड आणून सफारी शिवायला टाकला. मास्तरांनी मापं घेतली, कापड उलटंसुलटं केलं आणि स्वतःच्या मनानं ठरवलं की ह्या माणसाला सफारी शोभत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी भाऊ कपडे आणायला गेले तर त्यांच्या हातात एक बंडी आणि पायजमा. खिशांसकट, नीट इस्त्री करून. “तुला हेच शोभतंय,” मास्तर म्हणाले. मुरबाडला लग्नात, सगळ्या सोयऱ्यांच्या सफारींमध्ये, भाऊ आकाशी रंगाची बंडी घालून उभे राहिले. त्या दिवसापासून गल्लीच्या दोन बाजूंचे दोन ओटे एकमेकांकडे पाठ करून बसायला लागले.

तर ते मास्तर दारात. आत येईनात. मला म्हणाले, “पोरी, तुझी मान मला माझ्या ओट्यावरून दिसते. कोंबडी झोपते तशी बसतेस तू. मी पन्नास वर्सं एका जागी बसून काम केलंय, माझी मान बघ.” आणि त्यांनी मान डावी-उजवी करून दाखवली. “बसायचं पण माप असतं. यंत्र तुझ्या मापाचं नाय, तर ते तुला त्याच्या मापाचं करतं. घेऊ का माप?”

मी आईकडे पाहिलं. आईनं पुढच्या खोलीतल्या खाटेकडे पाहिलं, जिथे भाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग ती म्हणाली, “घ्या ना, मास्तर. घरात या.”

अशी ती मापं सुरू झाली. जमिनीपासून गुडघा, बैठकीपासून कोपर, कोपरापासून मनगट, डोळ्यापासून पडदा. सगळं मोठ्यानं म्हणून ते एका वहीत लिहायचे. टेबल कुठे ठेवायचं ह्यावर मी म्हटलं, आतल्या खोलीत, शांत असतं. मास्तरांनी आतली खोली बघितलीच नाही. “उजेड हितंच चांगला हाय,” असं म्हणून त्यांनी पुढच्या खोलीत, खिडकीच्या कडेला, भाऊंच्या खाटेपासून चार हातांवर खडूनं चौकोन काढला. उजेड डाव्या अंगानं यायला हवा, पाठीमागून आला तर पडदा चकाकतो आणि समोरून आला तर डोळे, हे मात्र त्यांचं खरंच होतं. उरलेल्या चकाकीसाठी त्यांनी कोटाच्या उरलेल्या अस्तराचा एक पडदा शिवून खिडकीला लावला. खोलीत दुपारभर कोटाच्या आतल्यासारखा उजेड असायचा.

तिसऱ्या दिवशी आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, “टेबलासाठी येतो म्हणे! तुझ्या गुडघ्याचं माप घेतो आणि बघत असतो ह्यांच्याकडं.”

खुर्चीसाठी ते मला शहापूरला घेऊन गेले. दुकानातल्या एकूण एक खुर्चीवर ते डोळे मिटून, हात मांड्यांवर ठेवून, दोन-दोन मिनिटं बसले. दुकानदार आधी हसला, मग वैतागला. “काका, घ्यायचीय का झोपायचंय?” मास्तर डोळे न उघडता म्हणाले, “तुमी ह्या खुर्चीवर कदी बसलात का? नाय ना? मग गप ऱ्हा, मी बसतोय ना.” फिरणारी खुर्ची तर त्यांनी हातानंच बाजूला सारली. म्हणाले, काम करणाऱ्याला चारी दिशा दाखवणारी खुर्ची काय कामाची. शेवटी काहीही न घेता आम्ही बाहेर आलो, उसाचा रस प्यायलो आणि परत आलो. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या दुकानातली गिऱ्हाइकांसाठीची लाकडी खुर्ची आणली आणि माझ्यादेखत करवतीनं तिचे चारही पाय दोन-दोन बोटं कापले. “आता तुझे पाय जमिनीला लागतील. पाय लोंबकळले की कंबर रडते.” पाठीला एक लांबट उशी शिवली, तिच्यात भाताचा तूस भरला. कापूस दबतो, तूस दबत नाही आणि उन्हाळ्यात गरमही होत नाही, असं सांगून ती त्यांनी माझ्या कंबरेच्या नेमक्या खळगीत बसवली. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी पाठीमागे हात धरून उभं आहे.

आणि टेबल? ते त्यांचंच होतं. पायानं चालवायच्या शिलाई मशीनचं. वरचं मशीन काढून घेतलं, मशीन बसायची ती पोकळी एका फळीनं बुजवली, खाली ठोकळे लावून उंची माझ्या कोपराला आणली. लॅपटॉप विटांच्या दोन थरांवर चढवला. विटांना त्यांनी गल्लीतल्या लोकांच्या शर्टांच्या उरलेल्या तुकड्यांची खोळ घातली होती. पडदा डोळ्यासमोर आला, आणि टाइप करायला मी एक साधा वेगळा कीबोर्ड आणला. चार्जरच्या, माउसच्या, कसल्या कसल्या वायरी लोंबत होत्या, त्यांना टेबलाच्या खालून इलॅस्टिकचे फास शिवून दिले. मशीनचा पायटा मात्र काढू दिला नाही. “पाय चालते पायजेत.” तो खरंच इतका छान चालायचा की चिडलेल्या गिऱ्हाइकाला उत्तर लिहिताना माझे पाय आपोआप वेग घ्यायचे. घडघड ऐकून आई आतून ओळखायची, कुणाचा तरी फ्रिज फारच बिघडलाय.

तासाला दोनदा उठायचं, हा नियम. त्यासाठी मास्तर समोरच्या ओट्यावर बसून मोठी कात्री वाजवायचे. खटक, खटक. मी उठून दोन फेऱ्या मारेपर्यंत थांबायचे नाहीत. एकदा ते जेवायला गेले आणि कात्री वाजली नाही, तर भाऊंनी डाव्या हातानं खाटेच्या पट्टीवर टकटक केलं. मी चमकून बघितलं. भाऊंनी लगेच भिंतीकडे तोंड फिरवलं.

टेबल तयार झालं तरी मास्तरांचं माप घ्यायला येणं थांबलं नाही. “लाकूड बसलंय का ते बगतो,” म्हणायचे. बसून बसून लाकूड आणखी किती बसणार! पण आई त्यांना चहा द्यायची आणि ते माझ्याशी बोलत भाऊंना सांगायचे. “पोरी, तुझ्या बापानं औंदा जी भाताची जात लावली ना, ती निव्वळ येडेपणा हाय.” भाऊंचा डावा हात चादरीवर आवळायचा. थेट बोलणं नव्हतंच. बारा वर्षांचं व्रत होतं ते, दोघंही नेटानं पाळत होते.

भाऊंना बोलण्याचे व्यायाम दिलेले होते. आ, ई, ऊ म्हणा, चित्र बघून नाव सांगा. भाऊ चित्राकडे बघायचेसुद्धा नाहीत. एकेकाळी म्हसा गावच्या जत्रेत बैलाचा सौदा आवाजावर जिंकणारा माणूस. त्याला सफरचंदाचं चित्र दाखवून ‘स’ म्हणा म्हणायचं. चार महिने झाले होते. आम्ही आशा सोडली नव्हती, पण तिच्याबद्दल बोलणं सोडलं होतं.

आणि मग कंपनीचा मेल आला. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं. ज्यांना अडचण असेल त्यांनी साहेबांशी बोलावं. मी वेळ मागितली, दुपारी चारची मिळाली. गेले तर पहाटेपासून रात्रीपर्यंत घराबाहेर, आईच्या कंबरेचा भुगा. नाही गेले तर नोकरी नाही आणि नोकरी नाही तर औषधं नाहीत. मी आईला बजावलं, मास्तरांनाही सांगितलं, चार ते साडेचार कुणी आत यायचं नाही.

साहेबांचा चेहरा पडद्यावर आला. पन्नाशीचे, थकलेले, मराठी बोलणारे. मी पाठ केलेलं सगळं सांगत होते. ते मान हलवत होते, पण नाही म्हणणारी माणसं जशी हलवतात तशी. “मला समजतंय,” ते म्हणाले, “पण एकाला सूट दिली की...”

तेवढ्यात माझ्या कानाशी आवाज आला, “ह्या साहेबाचा डावा खांदा दोन बोटं खाली हाय.”

मास्तर! टेप हातात, संध्याकाळचं माप घ्यायला आलेले, माझ्या खांद्यावरून वाकून पडद्यात बघत. चार वाजले म्हणजे त्यांच्या लेखी संध्याकाळ, आणि त्यापुढे माझं बजावणं त्यांनी मोजलंच नव्हतं. माइक चालू. साहेब बोलायचे थांबले.

“मास्तर, जा ना!” मी दात आवळून म्हणाले.

“अगं, पण ह्याला बसवलाय कोणी असा? कोपर बग कुठं चाललंय. ओ साहेब, तुमची मान दुखते ना उजवीकडं?”

मला वाटलं, गेली नोकरी. आणि त्याच क्षणी खाटेवरून आवाज आला. आधी नुसता घोगरा, “ग... ग...” मग एकदम, दार फाटकन उघडावं तसा:

“गाढवा! गप बस!”

आतून आई सूप तसंच हातात धरून आली. “कोण बोललं?”

मास्तर हळूहळू वळले. बारा वर्षांत पहिल्यांदा ते सरळ भाऊंकडे तोंड करून उभे राहिले. “काय म्हनलास?”

“गाढवा,” भाऊ म्हणाले. घाम आला होता त्यांना. डोळे लाल.

“परत बोल.”

“गाढ... वा!”

“ऐकलंस का गो?” मास्तर आईला म्हणाले. “शिवी देतोय मला. माझ्या तोंडावर शिवी देतोय!” आणि गळ्यातल्या टेपच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि खाटेच्या कडेला बसकण मारली. भाऊंनी डाव्या हातानं त्यांना ढकललं. ते काही उठले नाहीत.

मी रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम, साहेबांच्या देखत. “सॉरी, सर,” मी म्हटलं. “माझे वडील. चार महिन्यांनी पहिल्यांदा बोलले.”

साहेबांनी हलकेच डावा खांदा वर घेतला. “ते कोण आहेत,” त्यांनी विचारलं, “मानेचं बोलणारे?”

त्या दिवशी त्यांनी मला काहीच वचन दिलं नाही. वर विचारावं लागेल एवढंच म्हणाले. तीन दिवसांनी मेल आला, महिन्यातून दोनदा ऑफिसात यायचं, बाकी घरून. आणि आठवड्यानं साहेबांचा माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल आला, “जरा मास्तरांना देता का?” मास्तरांनी त्यांना टॉवेल हातात घ्यायला लावून तो अंगाला किती विती लागतो त्यावरून त्यांची मापं घेतली आणि हुकूम सोडला की त्या महागड्या खुर्चीचे हात काढून टाका. साहेबांनी काढले की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर मास्तरांनी भाऊंना चिडवणं हा धंदाच केला. रोज काहीतरी नवीन कळ काढायचे. तो पांढरा बैल म्हशाच्या जत्रेत तू स्वस्तात नाय घेतलास, फसलास. तुझ्या बांधावरचा आंबा मुळात आमचा. भाऊ तळतळून उठायचे आणि शब्द फुटायचा. आईनं कॅलेंडरवर लिहून ठेवायला सुरुवात केली. एका गुरुवारी ‘नालायक’. पुढच्या मंगळवारी ‘भिकारडा’. ज्या दिवशी ‘खोटारडा’ एका दमात आला, त्या दिवशी आईनं शिरा केला आणि पहिली वाटी मास्तरांना दिली. शिव्यांमागून शिव्या जोडणारे शब्द आले, मग वाक्यं, मग एक दिवस भाऊ पाण्याचा तांब्या मागताना ‘जरा’ म्हणाले. मास्तर नाराज झाले. “सोज्वळ व्हायला लागला हा.”

मास्तरांना जवळचं बारीक काही दिसत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. एकदा मी त्यांच्यासमोर सुईत दोरा ओवत बसले तर ते म्हणाले, “ओवलास? एका फटक्यात?” आणि ओट्यावरच्या कबुतरांकडे बघत राहिले. दुकान बंद झालं ते एस-एम-एलमुळे नव्हे. माझी उशी, विटांची खोळ, अस्तराचा पडदा, हे त्यांनी बोटांनी चाचपून शिवलं होतं. नेत्रतपासणीचं शिबिर आलं तेव्हा मी त्यांना न्यायचं ठरवलं, तर म्हणाले, “माझी मापं बोटात हायत, डोळ्यांचं काय करायचंय?” पण आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या थंडीतली मिळाली.

ती त्यांना लागली नाही. थंडी सुरू व्हायच्या आतच छातीत कफ भरला आणि शहापूरच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं. भाऊ काठी घेऊन, माझा खांदा धरून भेटायला गेले. मास्तर ऑक्सिजनवर होते, नर्सला खुणांनी सांगत होते की कॉटची उंची चुकीची आहे. भाऊ शेजारी स्टुलावर बसले. मास्तरांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, “सफारी शोभला नसताच तुला.”

“शोभला असता,” भाऊ म्हणाले.

“नाय.”

“असता.”

नर्सनं येऊन दोघांना दटावलं. परत येताना गाडीत भाऊ खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला.

भाऊ पंधरा दिवस काही बोलले नाहीत. मी घाबरले, पुन्हा काही झालं की काय. म्हणून त्यांना कल्याणच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात तपासले, पाय तपासले, जुने कागद उलटले. “ह्यांची वाचा जवळजवळ गेली होती,” ते मला म्हणाले, “एवढी सुधारणा सहसा होत नाही. व्यायाम कोणाकडून करून घेतलेत? थेरपिस्ट कोण होता?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ बोलले.

“एक वैरी होता.”

डॉक्टरांना वाटलं, शब्द चुकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊंनी काठी बाजूला ठेवली, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि त्यांना नीट कळावं म्हणून सावकाश, तोडून, पुन्हा सांगितलं, “वै-री. आमच्या समोरच ऱ्हायचा.” आणि मग ते डॉक्टरांना त्याच्याबद्दल सांगायला लागले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाहेर सात पेशंट बसले होते. भाऊंना कसलीही घाई नव्हती.